जादूच्या कांडीचा कुलवृत्तांत

मराठीत ज्या वस्तूंचे नाव रोज घेतले जाते परंतु ज्या कोणाच्याही मालकीच्या नसतात, अशा वस्तूंची मोजदाद करायची ठरविल्यास जादूच्या कांडीला पहिला मान द्यावा लागेल. कारण ही वस्तू आपल्यापाशी नाही असे जाहीर करणारे गल्लोगल्ली सापडतात आणि ती आपल्यापाशी आहे असे कबूल करणारा मनुष्य सार्वजनिक जीवनात अद्याप अवतरलेला नाही. पाणीपुरवठा खात्यातील अभियंता, गृहनिर्माण संस्थेचा सचिव, दहावीच्या गणिताची हमी देऊन शुल्क घेतलेले शिकवणीचे सर, वजन घटविण्याचा तक्ता लिहून देणारे आहारतज्ज्ञ आणि वधूवर सूचक मंडळाचे चालक ही सर्व मंडळी एरवी एकमेकांशी कोणत्याही मुद्द्यावर सहमत होणार नाहीत, परंतु कांडीच्या अभावाविषयी त्यांचे मत एकच असते आणि ते व्यक्त करण्याची त्यांची शब्दयोजनाही एकच असते.

"साहेब, आठ दिवस झाले, नळाला थेंब नाही."

"आमच्याकडे काय जादूची कांडी आहे का?"

"मग काय आहे?"

"अर्ज आहे. दोन प्रतींत भरून द्या."

या संवादात तक्रारदाराने कांडी मागितलेली नाही, त्याने केवळ पाणी मागितले आहे, ही बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कांडीचा विषय प्रतिपक्षानेच काढला, प्रतिपक्षानेच तिचे अस्तित्व नाकारले आणि तेवढ्याने मूळ प्रश्न निकालात निघाला. पूर्वपक्ष (म्हणजे खोडून काढण्यासाठी मांडलेले विरुद्ध मत) स्वतःच उभा करून त्याचे खंडनही स्वतःच करण्याची जी रीत आपल्या नैयायिकांनी पाठशाळांत बसून सिद्ध केली, तिचा इतका काटकसरी उपयोग त्यांनाही साधला नसावा. व्याकरणाच्या अंगाने पाहता, ही कांडी मराठी वाक्यात दोनच ठिकाणी वस्ती करते. एक 'नाही' या क्रियापदाच्या शेजारी आणि दुसरे 'जणू' या अव्ययाच्या छायेत, म्हणजे 'जणू कोणी जादूची कांडी फिरवावी तसे' अशा उत्प्रेक्षेत. साध्या होकारार्थी विधानात, उदाहरणार्थ 'कांडी कपाटात आहे' अशा वाक्यात, ती आढळत नाही.

हा नकार केवळ स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता मर्यादित आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. १५ ऑगस्ट २०११ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही भ्रष्टाचार संपविणारी जादूची कांडी सरकारपाशी नसल्याचे देशाला सांगितले होते. त्याआधी सुमारे दोन हजार वर्षे, इ. स. पूर्व ४४ मध्ये, रोमचा राजकारणी आणि वक्ता किकेरो (इंग्रजी वळणाने सिसेरो) याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात 'विर्गुला दिविना' म्हणजे 'दैवी काडी' हा शब्दप्रयोग केला, तोही 'जर'ला जोडूनच. जीवनावश्यक सर्व गोष्टी अशा काडीने आपोआप पुरविल्या गेल्या असत्या, तर बुद्धिमान माणसे इतर उद्योग टाकून ज्ञानार्जनास लागली असती का, असा त्याचा विचार होता. राजकारण्याने कांडीचा उल्लेख करावा आणि तो करताना ती हाती असल्याचा संशय येऊ देऊ नये, हा दंडक तेव्हापासून आजतागायत कोणत्याही पक्षाने मोडलेला नाही. विरोधी बाकांवर असताना मात्र ती सत्ताधाऱ्यांच्या कपाटात असल्याची प्रत्येकाची खात्री असते आणि सत्ता मिळाल्यावर कपाट उघडून पाहिले असता आधीच्यांनी ती सोबत नेल्याचे निष्पन्न होते.

जी वस्तू कोणी पाहिली नाही तिचा अभ्यास वस्तुसंग्रहालयात होऊ शकत नाही, त्यामुळे तो ओघानेच व्युत्पत्तिशास्त्राकडे, म्हणजे शब्दांचा उगम शोधणाऱ्या शास्त्राकडे येतो. या शास्त्राचा उपासक हा स्वभावतःच असा गृहस्थ असतो की, घराला आग लागली असता 'आग' हा शब्द 'अग्नी'पासून प्राकृतातील 'अग्गि' या पायरीने खाली उतरला हे सांगितल्याखेरीज तो बादलीला हात लावत नाही. त्याच्या संसारातील संभाषणे साधारणतः पुढील प्रकारची असतात.

"अहो, गॅस संपलाय."

"'गॅस' हा शब्द फान हेल्माँट नावाच्या विद्वानाने ग्रीक 'खाओस'वरून, म्हणजे महागोंधळ या अर्थाच्या शब्दावरून, घडवला."

"पाहुणे आठ वाजता येताहेत. मग बघा."

अशा गृहस्थाने जादूच्या कांडीची वंशावळ काढावयास घेतली की पहिल्या अर्ध्या भागात त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. 'जादू' हा शब्द फारसीतून आला. त्याचे प्राचीन इराणी रूप 'यातु' असे होते आणि अगदी हाच 'यातु' वैदिक संस्कृतातही चेटूक या अर्थाने नांदत होता. चेटूक करणाऱ्यास 'यातुधान' म्हणत. म्हणजे घरातला शब्द घरात विस्मरणात गेला आणि त्याचा इराणात वाढलेला चुलतभाऊ आद्य 'य'चा 'ज' करून परतल्यावर त्याला परका पाहुणा समजून ओसरीवर बसविण्यात आले. इंग्रजीतील 'मॅजिक'चीही कथा वेगळी नाही, कारण तो शब्दही 'मगु' या प्राचीन इराणी पुरोहितवर्गाच्या नावावरून ग्रीकांनी उचलला. तेव्हा पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय, चमत्काराचा घाऊक पुरवठा एकाच पेठेतून होत होता असे दिसते. तथापि या भागातील सर्वांत मौल्यवान दुवा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात सापडतो. तेथील १०४ व्या सूक्तात, जे परंपरेने वसिष्ठांचे मानले जाते, ऋषी निक्षून सांगतात की आपण यातुधान असू तर आजच आपल्याला मरण यावे, आणि आपल्यावर तसा खोटा आळ घेणाऱ्याने आपल्या दहा वीरपुत्रांना मुकावे. आपल्याकडे जादू नसल्याचा हा बहुधा भारतीय वाङ्मयातील सर्वांत जुना खुलासा असून, त्यापुढे दोन प्रतींतील अर्ज हा फारच सौम्य प्रकार म्हटला पाहिजे.

खरी आपत्ती दुसऱ्या अर्ध्या भागात, म्हणजे 'कांडी'पाशी सुरू होते. कोशात पाहून घरी बसणाऱ्याला काही त्रास नाही; परंतु जिवंत भाषेचा नमुना प्रत्यक्ष बोलणाऱ्याच्या तोंडून टिपावा असा आधुनिक भाषाशास्त्राचा आग्रह असल्यामुळे एखादा अभ्यासक वही घेऊन हिंडू लागलाच, तर त्याची पहिली गाठ इचलकरंजीच्या यंत्रमागाशी पडेल. तेथे कांडी म्हणजे धोट्यात बसणारी, बाण्याचे (आडव्या धाग्याचे) सूत गुंडाळलेली लहान नळी होय, आणि त्या भरून देण्यावर कित्येक घरांची चूल पेटत आली आहे.

"कांडी मिळेल का?"

"भरलेली पायजे का रिकामी?"

"जादूची."

"तसला काउंट आमच्याकडं चालत न्हाई."

('काउंट' म्हणजे सुताच्या जाडीचे माप.) तेथून निराश होऊन हा अभ्यासक गावाबाहेरच्या पशुखाद्याच्या दुकानात शिरला तर तेथे कांडीच कांडी असते, कारण भुसा, पेंड आणि धान्याचा कोंडा यंत्रात दाबून जे बोटाएवढे तुकडे तयार होतात त्यांना 'कांडी पेंड' असेच म्हणतात. ती जादूची आहे काय, असे विचारल्यावर दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो, "दूध वाढतंय, पण जादूबिदू लिहू नका हं सर, न्हाईतर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी रिकामी बादली घेऊन दारात येतंय." तिसरी आणि अखेरची कांडी दगडाच्या खाणीवर आढळते. मराठी वृत्तपत्रांचा वाचक 'जिलेटिनच्या कांड्या जप्त' हा मथळा इतक्यांदा वाचतो की जिलेटिनला कांडीखेरीज दुसरा आकार असू शकतो हे त्याच्या मनातही येत नाही. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये स्फोटक जिलेटिन सिद्ध केल्यापासून ही कांडी डोंगर अदृश्य करण्याचे काम खात्रीपूर्वक करीत आली आहे. जादूच्या कांडीकडून ज्या परिणामाची अपेक्षा असते तो देणारी, बाजारात मिळणारी, परंतु परवाना लागणारी ही एकमेव कांडी होय. तिची चौकशी करणाऱ्याला अर्थातच काही प्रश्न विचारले जातात.

"कांडी कशाला शोधताय?"

"उगम शोधतोय."

"तो आम्ही शोधू. तुम्ही जरा या बाकावर बसा."

बाकावर बसून मिळालेल्या निवांत वेळात अभ्यासकाला जे आठवते ते असे, की या तिन्ही कांड्यांचे मूळ संस्कृत 'काण्ड' या एकाच शब्दात आहे आणि त्याचा आद्य अर्थ बोरू, वेळू किंवा ऊस यांच्या दोन पेरांमधला भाग असा होतो. उसाचे कांडे म्हणताना मराठी माणूस हा अर्थ आजही जसाच्या तसा वापरतो. एका पेरापाशी थांबून दुसऱ्याकडे जावे या कल्पनेतून ग्रंथाच्या विभागालाही 'कांड' म्हणू लागले. म्हणून रामायणाला सात कांडे आहेत आणि वेदाला कर्मकांड व ज्ञानकांड. पुढे मराठी पत्रकारितेने या विभागवाचक शब्दाला हत्याकांड, अग्निकांड, जळीतकांड असा रोजगार मिळवून दिला आणि आता तर नुसते 'कांड' म्हटले तरी कोणीतरी काहीतरी केले आहे आणि ते वहिनींना अजून कळलेले नाही, एवढा अर्थ आपोआप निघतो. वाल्मीकींच्या सुंदरकांडात काय घडले असावे, याविषयी आजच्या तरुण पिढीचे जे तर्क असतात ते येथे देण्याचे कारण नाही.

उसाच्या कांडीकडे मात्र अधिक आदराने पाहिले पाहिजे, कारण डोळा असलेली एक कांडी जमिनीत पुरली की बारा ते अठरा महिन्यांत तिच्या जागी उसाचे बेट उभे राहते, म्हणजे एकाचे अनेक करण्याचा चमत्कार ती राजरोस करून दाखविते. असा चमत्कार पश्चिम महाराष्ट्रात दरवर्षी लाखो हेक्टरांवर घडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि ते न मिळाल्यामुळे शेतकरी कारखान्यावर जातात, तेव्हा गाळपाला आलेल्या कांड्यांच्या डोंगराकडे पाठ करून बसलेले अध्यक्ष त्यांना काय सांगतात, हे सुजाण वाचकाने ओळखलेच असेल.

कांडीवरचा अनुस्वार काढला की काडी उरते, आणि येथे मराठीच्या व्यवहारज्ञानाला दाद दिल्यावाचून राहवत नाही. कांडी कोणाकडेच नाही, पण काडी प्रत्येकाकडे आहे. नळाला पाणी आणण्याचे सामर्थ्य तिच्यात नसेल, परंतु दोन सख्ख्या जावांमध्ये टाकली असता ती कोणत्याही मंत्राविना पेटते, हे दिवाळीच्या सुट्टीत एकत्र आलेल्या कुठल्याही कुटुंबात पडताळून पाहता येते. बुडत्याला आधार देणारी हीच, किंमत शून्य दाखविणारी हीच, आणि संसार मोडला की 'काडीमोड' होऊन साक्षीला उभी राहणारीही हीच. या शेवटच्या रूढीला सातासमुद्रापलीकडे एक अनपेक्षित सोबती लाभला. सुप्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी याचा १९२६ मध्ये अंत झाला तेव्हा अमेरिकेतील जादूगारांच्या संघटनेने त्याच्या अंत्यविधीत एक कांडी समारंभपूर्वक मोडली, आणि जादूगार गेला की त्याची कांडी मोडण्याचा प्रघात तेथून पडला. जादूगाराचा आणि जादूचा हा काडीमोडच होय, मात्र पोटगीविना.

आपल्याकडील जुन्या कथांत अद्भुत दांडक्यांचा तुटवडा मुळीच नव्हता. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात पुत्रक नावाच्या राजाची हकिकत येते. मयासुराचे दोन मुलगे वडिलोपार्जित मिळकतीवरून भांडत होते आणि ती मिळकत म्हणजे एक भांडे, एक यष्टी (काठी) आणि पादुकांचा जोड. भांड्यातून हवे ते अन्न मिळे, पादुका घातल्या की आकाशात उडता येई आणि यष्टीने जे लिहावे ते खरे होई. पुत्रकाने लवाद होण्याची तयारी दाखवून सुचविले की दोघांनी धावण्याची शर्यत लावावी आणि जिंकणाऱ्याने सर्व घ्यावे. दोघे बंधू जिवाच्या आकांताने धावत सुटताच लवादाने पादुका चढविल्या, भांडे व यष्टी काखोटीला मारली आणि तो उडून गेला. वारसाहक्काच्या दाव्यात मध्यस्थ नेमण्याविषयी भारतीय वाङ्मयाने दिलेला हा जुना इशारा आजही दुर्लक्षित आहे. पुढे या पुत्रकाने पाटली नावाच्या राजकन्येला पळवून आणले आणि गंगेच्या काठी यष्टीने एका नगराचा आराखडा रेखाटला. ते नगर तत्क्षणी सैन्यासह उभे राहिले व उभयतांच्या नावांवरून पाटलिपुत्र म्हणून ओळखले गेले. आराखडा काढला आणि शहर त्याबरहुकूम झाले, असे यानंतर भारतात घडल्याचे ऐकिवात नाही. एवढ्या पराक्रमी यष्टीचे मराठीत काय झाले, तर 'यष्टिमधु' म्हणजे गोड काठी या नावाची एक औषधी मुळी उरली आणि तिलाही लोकांनी 'ज्येष्ठमध' करून टाकले. ज्या काठीने राजधानी निर्माण केली ती आता घसा बसल्यावर गालात धरली जाते, आणि नावापुरती का होईना, ज्येष्ठ नागरिकांत जमा झाली आहे.

दुसरी काठी 'दंड'. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड दिला जातो तो ब्रह्मचर्याची खूण म्हणून, आणि बटू तो मावसभावांच्या बरगड्यांत खुपसण्यासाठी वापरतो, इतपत मतभेद सोडला तर या दंडाचा इतिहास सरळ आहे. राजाच्या हातातील काठीवरून शिक्षा हा अर्थ आला, शिक्षेवरून पैशाच्या रूपातील शिक्षा हा अर्थ आला आणि मूळ काठी गळून पडली. खिशातील रक्कम स्पर्श न करता नाहीशी करणे हा जर जादूचा निकष मानला, तर भ्रमणध्वनीवर येऊन पडणारे वाहतूक दंडाचे चलन या कसोटीला निर्विवादपणे उतरते. छडीची कथा त्या मानाने करुण. हिंदी भाषकांची जादूची काठी 'छड़ी' असते. मराठीने मात्र तो शब्द बव्हंशी मास्तरांकडे राहू दिला आणि जादूसाठी निरुपद्रवी कांडी पसंत केली, यामागे तळहाताची स्मृती असणे अगदीच संभवनीय आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केल्यापासून शिक्षकांच्याही हातात काही उरले नाही, आणि पालकसभेत तेही आता कांडीविषयीचे ते ठरलेले वाक्य उच्चारू लागले आहेत.

युरोपीय शाखांकडे वळले असता कुलीन घराण्याचे वारस मिळतील ही अपेक्षा फोल ठरते. इंग्रजी 'वाँड' हा शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतील 'व्हॉन्द्र'वरून आला आणि त्याचा अर्थ वाकणारी, लवचीक फोक एवढाच. लॅटिन 'बाकुलुम' म्हणजे साधे दांडके. त्यातून इटालियन 'बाकेत्ता' आणि तिच्यावरून फ्रेंच 'बागेत' निघाली. फ्रेंचांनी या एकाच शब्दात जादूची कांडी, ढोल वाजविण्याची टिपरी, चिनी पद्धतीने जेवण्याच्या काड्या आणि हातभर लांबीचा पाव इतक्या वस्तू कोंबल्या, आणि २०२२ मध्ये युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून ज्या बागेतच्या कलेला गौरविले ती अर्थातच पावाची होती. त्याच 'बाकुलुम'च्या लघुरूपाने सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या 'बॅसिलस' जंतूलाही नाव दिले, तर ग्रीकमधील तशाच छोट्या काठीवरून 'बॅक्टेरिया' हे नाव पडले. इतकेच काय, मंदबुद्धी या अर्थाचा इंग्रजी 'इम्बेसिल' हा शब्दही 'ज्याच्यापाशी काठी नाही तो' अशा लॅटिन जोडणीतून आला असे पूर्वापार सांगितले जाते. आपल्यापाशी कांडी नाही असे उठल्यासुटल्या जाहीर करणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी या व्युत्पत्तीची दखल घ्यावी. किकेरोच्या 'विर्गुला'चे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ती फ्रेंचमध्ये 'व्हिर्गुल' झाली आणि तिचा आजचा अर्थ स्वल्पविराम. रोमनांची दैवी काडी वाक्यात क्षणभर थांबविते आणि संस्कृतचा दंड, म्हणजे श्लोकार्धानंतरची उभी रेघ, पुरतेच थांबवितो. कामे अडवून ठेवण्याचा काठीचा गुण दोन्ही संस्कृतींनी ओळखला होता म्हणावयाचे.

कथांतील कांड्याही जवळून पाहता निराशाच करतात. होमरच्या ओडिसीमध्ये किर्की नावाची मायाविनी आलेल्या खलाशांना काठीने स्पर्श करून डुकरे बनविते असा लौकिक आहे, परंतु त्याआधी तिने त्यांना चीज, जवाचे पीठ आणि मध घालून मद्य पाजलेले असते व त्यात गुंगीची वनस्पतीही मिसळलेली असते. एवढे पोटात गेल्यावर काठीचे काम उरते ते मंडळींना खुराड्याकडे हाकण्यापुरतेच. हर्मीस या देवाची दोन सापांची काठी तर भलत्याच घरी दत्तक गेली. वैद्यकाचा देव अस्क्लीपियस याच्या काठीला एकच साप आहे, परंतु अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये हर्मीसची काठी मानचिन्ह म्हणून घेतली आणि मग तिचे अनुकरण जगभरच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर व डॉक्टरांच्या मोटारींवर पसरले. हर्मीस हा व्यापारी, प्रवासी आणि चोर यांचा देव होता. बिल हाती पडल्यावर ही निव्वळ चूक होती असे काही रुग्णांना वाटत नाही. शार्ल पेरोने १६९७ मध्ये लिहिलेल्या सिंड्रेलाच्या कथेतही भोपळ्याचा रथ होतो खरा, पण कांडी लावण्यापूर्वी त्या परीने भोपळा आतून स्वहस्ते पोखरून काढलेला असतो, फक्त साल शिल्लक ठेवलेली असते, आणि उंदीर, घूस व सरडे शोधून आणण्याची धावपळ मुलीच्याच गळ्यात पडलेली असते. भोपळा चिरणे, गर काढणे, साहित्य गोळा करणे ही सर्व कामे आधी करून घेणारी कांडी आणि चित्रवाणीवरील 'झटपट' पाककृती यांत तात्त्विक फरक काय, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला पडेल.

रंगमंचावरील जादूगाराला कांडीचा उपयोग ठाऊक असतो आणि तो अगदी प्रापंचिक असतो. मुठीत चेंडू लपविलेला असताना हात उगाच मिटलेला ठेवल्यास प्रेक्षकांना संशय येतो, त्याच मुठीत कांडी धरल्यास येत नाही. खिशात हात घालावयाचा असेल तर कांडी काढण्याचे किंवा ठेवण्याचे निमित्त होते. आणि कांडी उजवीकडे फिरली की पाचशे माना उजवीकडे वळतात, तेवढ्यात डावा हात आपले काम उरकतो. समिती नेमणे, पाहणी दौरा काढणे आणि नामांतर करणे या तीन क्रियांचा अभ्यास या दृष्टीने अद्याप झालेला नाही.

मात्र महाराष्ट्रात एक काठी अशी आहे की तिच्यापुढे वरील सर्व कुळांनी मान लववावी. 'चोब' म्हणजे फारसीत काठी; ती धरणारा तो चोबदार, मराठीत चोपदार. आषाढी वारीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी हजारो वारकऱ्यांचे टाळ एकाच वेळी घुमत असतात, आणि चोपदाराने आपला चोप उंचावून पुकारा करताच ते सर्व थांबतात. चारजणांची सभा ध्वनिक्षेपकावरून ओरडूनही शांत होत नाही अशा प्रांतात हे घडते, ही बाब विज्ञानाने नोंदवून ठेवावी. त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याची तड लावतात आणि मगच तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. काठी हातात असूनही "आमच्याकडे काय जादूची कांडी आहे का?" असे तेथे कोणी विचारत नाही, याचे कारण बहुधा हे पद शासकीय सेवेत मोडत नाही एवढेच असावे.

आता प्रश्न उरतो तो असा की, 'जादूची कांडी आमच्याकडे आहे' हे वाक्य खोटे न ठरता कोणत्या भाषेत उच्चारता येईल, आणि त्याचे उत्तर जर्मन असे आहे. रोजे पेरिन्जाके या स्विस गृहस्थाने १९५० मध्ये हातात धरून भांड्यात बुडवावयाच्या विजेच्या घुसळणीचे पेटंट घेतले. जर्मन भाषक प्रदेशात ते यंत्र 'त्साउबरश्टाब' या नावाने विकले गेले आणि त्या शब्दाचा अर्थ अक्षरशः जादूची कांडी असा आहे. म्यूनिक-स्टुटगार्टकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या ओट्यावर ती आज उभी असते, तिला दोन वर्षांची हमी असते आणि होळीच्या दिवशी तिच्याकडून पुरणाची डाळ वाटून घेण्याचा मोह कोणत्याही सुनेला आवरत नाही. अशा वेळी पुण्याशी होणारे संभाषण जवळपास ठरलेले असते.

"आई, डाळ घट्ट झालीये आणि कांडी मध्येच बंद पडली. जळका वास येतोय."

"कसली कांडी?"

"जादूची. म्हणजे इथे तसंच म्हणतात."

"बरं, ती काढून ठेव बाजूला. रवी आणली होतीस ना इथून?"

"आहे. पण ती कुंडीत टोमॅटोच्या रोपाला आधाराला लावलीये."

"मग उपटून घे आणि धू आधी."